पाहणं चालू ठेवा

कोराडीच्या कंट्रोल रूममध्ये, रात्रपाळीत,
उईके विचारतो, "साहेब, वर्षभरात घरी
काय काय पाह्यलं? चांगलं सांगा न एखादं."
मला नावं राहत नाहीत.
डायलवरच्या काट्यांकडे बघत
मी आठवत बसतो.

एक मार्चमधला.
त्या दिवशी कूलर माळ्यावरून उतरवला,
नवा वाळा ठोकला, पंप लावला,
आणि ओल्या गवताचा वास घरभर पसरला
तेव्हा पडद्यावर नुसतं वाळवंट.
एक म्हातारा, एक उंट, दोन तास पाण्याचा शोध.
कुंदा म्हणाली, "त्याले नारी रोडवर बोलवा न,
टाकी भरूनच हाय आपली."

कूलरच्या आवाजात काही ऐकू येत नाही,
म्हणून मराठी सिनेमासुद्धा आम्ही
खाली मराठी अक्षरं लावून बघतो.
शेजारचे खोब्रागडे दारातून डोकावतात,
"शिनेमा पाहून राह्यले का पेपर वाचून राह्यले?"

दुसरा मेअखेरचा. सेहेचाळीस अंश.
बंगल्यात खून, सहा जणांवर संशय,
इन्स्पेक्टरनं बोट उचललं
आणि लाइट गेली.
अख्ख्या गल्लीनं माझ्याकडे पाहिलं,
जणू मीच बटण दाबून आलो होतो.
अंधारात कुंदा म्हणाली, "माळीच असंल."
लाइट दोन तासांनी आली,
तोवर आम्ही गच्चीवर, ओल्या चादरीत झोपलेलो.
शेवट अजून पाहिलेला नाही.
आमच्या घरात माळीच आहे.

तिसरा डिसेंबरचा, भाषा कुठली कोण जाणे.
समुद्राकाठी एक बाई मासळी वाळवते. बस.
उलटते, वाळवते, पाऊस आला की आत घेते.
मी म्हटलं, बदलू का?
कुंदानं रिमोट मांडीखाली सरकवला.
भंडाऱ्याकडे तिची आई
मोहाची फुलं वाळवायची, अशीच, वाकून.
हे ती बोलली नाही.
संत्र्याची सालं पेपरावर जमत गेली
आणि फोडी तशाच राहिल्या.

उईकेला मी हे तीन सांगितले.
चौथा सांगितला नाही.

अकाउंट श्रावस्तीचं आहे.
तिच्या चौकोनात शाळेपासूनचं तेच मांजर,
आम्ही त्याच मांजरातून आत शिरतो.
ती हैदराबादला. फोनवर म्हणते,
"दहाला झोपते बाबा, जेवते नीट."

जानेवारीत एकदा रात्रपाळीहून सकाळी आलो,
टीव्ही लावला, तर एक सिनेमा
आम्ही न लावलेला,
आणि त्याच्याखाली नखाएवढी लाल रेघ.
रात्री अकराला कुंदानं बंद केला तेव्हा ती नव्हती.
दुसऱ्या सकाळी दोन नखं.
मग बोटाचं पेर.

उघडला तर रेघ पुढे सरकणार, तिला कळणार.
म्हणून मी उघडतो आणि लगेच थांबवतो,
थोडी सरकलीच तर मागे आणून ठेवतो,
बत्तीस वर्षं काटे जागेवर ठेवलेल्या हातानं.
त्या सिनेमाची मी एकूण नऊ चित्रं पाहिली:
लिफ्टमध्ये उभी मुलगी.
रिकामी बस.
सिंकमध्ये एक ताट, एकच.
कुणाची तरी पाठ.
पुन्हा लिफ्ट.
गोष्ट काय आहे माहीत नाही.
तिचा डोळा कुठे लागला
एवढंच मला माहीत.

तेरा तारखेपासून रेघ हलली नाही.
एक दिवस, दोन दिवस, पाच.
फोन करावा तर विचारू काय?

सहाव्या सकाळी मी तसाच, बूट न काढता,
पडद्यासमोर उभा.
कुंदा मागून चहा घेऊन आली,
रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"हलली नाही न?
मंग झोप लागून राह्यली पोरीले."
कप टेकवला,
आणि बूट काढा म्हणाली, फरशी पुसली हाय.