मरायला शिकलेला घोडा

नारीनच्या वरच्या कुरणात, ऐन जुलैत,
त्यांनी बर्फ आणला, सात ट्रक भरून.
थोडा कागदाचा, बाकी कसला ते कुणी सांगेना.
पाइपाने फवारला गवतावर,
आणि माझ्या आईच्या मेंढ्या
परक्या घरात मुलं उभी राहतात तशा
कडेला उभ्या राहिल्या, हुंगत.

मी दुभाषी. दिवसाचे चाळीस डॉलर.
दिग्दर्शक म्हणायचा, आणखी पांढरं.
मी म्हणायचे, आणखी पांढरं.
जोमार्त म्हणाला, विचार त्यांना, हे उचलणार कोण?
विचारलं.
उत्तर आलं, वारा.
ते मी भाषांतरित केलं नाही.
म्हटलं, बघतील म्हणे.

घोडा जोमार्तचा. काश्का.
कपाळावर पांढरा पट्टा, उजवा कान किंचित फाटका.
दोन हिवाळे खपून त्याला मरायला शिकवलेलं:
डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकली
की गुडघे दुमडायचे, मान टाकायची,
डोळा उघडा ठेवून निपचित.
तार नाही, खड्डा नाही.
जोमार्तच्या बापाच्या वेळी तार असायची,
पुढच्या पायांना एक टोक, दुसरं जमिनीतल्या खुंटीला.
तेव्हाच्या चित्रपटांत घोडे फार खरे पडायचे,
आणि रात्री सगळ्या युनिटला मांस पुरायचं.

"मी त्याला विचारतो," जोमार्त म्हणाला,
"मनात असलं तर पडतो."
हे मात्र मी शब्दाला शब्द सांगितलं.

पण बंदुकीचा बार
कुणी विचारून काढत नाही.
पहिल्यांदा पडला, सुरेख.
ढग आला म्हणून पुन्हा.
मागे कुणाचा तरी थर्मास दिसला म्हणून पुन्हा.
नवव्या वेळी जोमार्त त्याच्या मानेखाली हात घालून बसला,
म्हणाला, आज हा मेलाय. उद्या या.

देखरेखीला एक बाई होती, मारित,
दूरच्या देशातली, वही घेऊन.
चांगली होती. खूर तपासायची, पाण्याची बादली स्वतः उचलायची,
चौथ्या दिवशी उन्हामुळे चित्रीकरण थांबवलं तिनेच.
तिच्या वहीतलं शेवटचं वाक्य तिने मला वाचून दाखवलं:
कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही.
मी मान हलवली.
इजा नाही, मग बिजा, तिजा करत
नवापर्यंत कोण मोजत होतं?
बहुतेक मीच. मोजायचे पैसे मात्र कुणी देत नव्हतं.

पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या सभागृहात चित्रपट लागला.
काश्काचं पडणं त्यात नव्हतंच.
बर्फ होता, सहा सेकंद, तोही धुक्यात.
शेवटी ती ओळ आली.
जोमार्तला ती लिपी येत नाही, मी वाचली.
तो जरा थांबला.
"गवताचं काही लिहिलंय?"

तोवर वसंत येऊन गेला होता.
खरा बर्फ वितळला. खोटा राहिला,
ओढ्याच्या काठी, उंदरांच्या बिळांत,
आणि आईने कापलेल्या मेंढीच्या पोटात
मुठीएवढा, पांढरा, अजून कोरडा.
आईने तो धुऊन खिडकीत ठेवलाय.
का, ते ती सांगत नाही.

काल एर्मेकच्या लग्नात फटाके उडाले.
माणसं हसत होती, वाफाळत्या परातींच्या पलीकडे
काश्का दावणीला होता.
पहिल्या बाराला त्याने गुडघे दुमडले.
मान टाकली.
डोळा उघडा.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.

जोमार्त ताट टाकून धावला, मानेखाली हात घातला,
दोन बोटं खांद्यावर टेकवली, काढली, पुन्हा टेकवली.
मग माझ्याकडे पाहिलं.
तो शब्द कधी त्याने उच्चारला नव्हता,
ती माणसं म्हणायची, लांबून, कर्ण्यातून.

कट, मी म्हटलं.
घोड्याचा कान हलला, फाटका.
पुन्हा म्हटलं, जवळ जाऊन, हळू.
फटाके अजून चालूच होते.