एका मीटरवर सत्तावीस

मी मीटर वाचतो.
आशायमानच्या गल्ल्यांत, लाल धुळीत
गुडघे टेकायचे, झाकण उचलायचं,
कोळ्याचं जाळं पुसून आकडा वहीत टिपायचा.
बारा वर्षांत मीटरपुढे जितका वाकलो
तितका रविवारी देवापुढेही नाही.

देदेईच्या अंगणात सात खोल्या, एक नळ.
माणसं किती, मी कधी मोजली नव्हती.
तिनेच मोजून दाखवली,
आधी बोटांवर, बोटं संपल्यावर
कोळशाच्या रेघांनी भिंतीवर:
सत्तावीस.
मेमुनाच्या पोटातलं धरलं नाही.
म्हणाली, ते अजून फुकटात पोहतंय.

मीटरला मात्र एकच माणूस दिसतो.
दिवसरात्र आंघोळ करणारा,
हिरवळीवर फवारे उडवणारा
कुणी एक थोराड, उधळा माणूस.
म्हणून पहिल्या पाच घनमीटरची सवलत,
गरिबांसाठी म्हणून सरकारने ठेवलेली,
पहिल्या आठवड्यातच आटते
आणि उरलेले तीन आठवडे
हे अंगण श्रीमंतांच्या दराने तहानतं.

तिकडे समुद्राकडे माझ्याच फेरीत
एका निवृत्त कप्तानाचा बंगला आहे.
एकटा जीव, त्यातून आठ महिने परदेशी.
त्याचा काटा पाचाच्या आतच झोपलेला.
कागदोपत्री
माझ्या फेरीतला सगळ्यात गरीब माणूस तो.

बिल आलं की अंगणाच्या तोंडचं पाणी पळतं.
देदेई ते खिळ्याला टोचते, खोलीगणिक वाटणी करते.
सेलोर्म टायरवाला म्हणतो, मी एकटा, माझी एक बादली.
मेमुना म्हणते, तुझी बादली म्हणजे माझं पिंप.
मग जुनी भांडणं निघतात,
कुणाच्या तरी मेलेल्या सासूपर्यंत जातात.
पाण्यासारखा पैसा
असं कुणी इथे म्हणालं तर हसतील.
इथे पैशासारखं पाणी असतं,
उशाखाली ठेवता येत नाही, एवढाच फरक.

आणि संडास गल्लीच्या टोकाला.
दारात क्वाब्ला, मांडीवर लाकडी पेटी,
बाजूला वर्तमानपत्राच्या फाडलेल्या चौकोनांचा गठ्ठा.
मोठ्यांना एक सेडी, पोरांना अर्धा.
चार लेकरांची आई पहाटे रांगेबाहेर उभी राहून
एकेकाचा चेहरा वाचते:
कुणाला खरंच लागलीय,
कुणाला शाळेपर्यंत दम निघेल.
धाकट्याला सांगते, धर जरा.
तो धरतो. सहा वर्षांचा आहे,
पोटाला चिमटा घ्यायला
दोन्ही बाजूंनी शिकलाय.

मी गेलो होतो साहेबांकडे, सत्तावीसचा आकडा घेऊन.
नॉर्टे साहेब वाईट माणूस नाही.
मला बसायला सांगितलं, चहा मागवला,
अर्जाचा कागद माझ्याकडे फिरवून दाखवला:
ग्राहकाचं नाव. पुढे एक ओळ.
"मीटर एक, ग्राहक एक," म्हणाले,
"ओळ वाढवायचा अधिकार मला नाही."
चहा गोड होता. मी सगळा प्यायलो.
त्याची लाज मला घरी आल्यावर वाटली.

या महिन्यात गेलो तेव्हा
देदेईने भिंतीवर एक रेघ वाढवली होती.
अठ्ठावीस. "आता लिही," म्हणाली.
मी पेन्सिलीला टोक केलं
आणि त्या एका ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरांत
सात खोल्यांची सात नावं बसवली.
सेलोर्मचं समासात गेलं.
मेमुनाने बाळाचंही घालायला लावलं,
अजून नाव ठेवलं नव्हतं,
तर "मेमुनाची मुलगी" असं.
तो कागद कुठल्या खणात पडेल, मला ठाऊक नाही.
नोकरीबद्दल बायकोला अजून बोललो नाही.

मग वाकलो. झाकण उचललं. आकडा टिपला.
वही मिटली तोच काटा हलला,
आत कुणीतरी बाळाला न्हाऊ घालत होतं.
मी वही पुन्हा उघडली नाही.
हे पाणी
पुढच्या महिन्यात मोजू.