खालून

लीड्सच्या संग्रहालयात, दालन चारमध्ये
ब्रेथवेटबाई आल्या खिशात मोजपट्टी घेऊन.
खुर्च्या घडवतात त्या.

उमरावाच्या तोंडाकडे ढुंकूनही न पाहता
चित्रातल्या खुर्चीचा पाय न्याहाळत म्हणाल्या,
"हा डगमगत असणार. झग्याआड लपवलाय बघा."

मग चक्क जमिनीवर उताण्या,
दोनशे वर्षांच्या ओकच्या टेबलाखाली.
"इथं रंधा अडला. गाठ आली असेल.
हा शिकाऊ पोराचा हात,
मिस्त्री जेवायला गेलेला."

मी पहारेकरी. अकरा वर्षं इथंच उभा.
टेबलाला पोटही असतं, हे आज कळलं.

कपडे झटकत उठल्या,
माझ्या बुटांकडे बघितलं.
"आणि तुम्ही कुठे टेकता?"

दोरीपलीकडे खुर्च्या.
पहिल्यांदाच मोजल्या मी.
अठरा.