आठवी दिशा

विन्सू, तू विचारलंस म्हणून सांगतो.
बहारीनच्या धक्क्यावरून तुझा आवाज
दोन सेकंद उशिरा वेंगुर्ल्याला पोचतो:
'कसो आसा रे शेवटचो भाग? घेवचो काय?'

एका शब्दात सांगता आलं असतं
तर दुकानाचं शटर अर्धं ओढून
मी पहाटे साडेतीनपर्यंत बसलो नसतो,
पंखा बंद, कारण पंखा लावला
की इन्व्हर्टर कुरकुरतो.

चित्रं बघत राहावीत अशी.
अग्नीच्या दाढीतला केस न् केस वेगळा जळतो.
यमाचा रेडा श्वास सोडतो
तेव्हा वाटतं, काचेवर आतून वाफ धरली.
पाणी मात्र चुकलंय.
लाट फुटण्याआधी एक गप्प रेघ होते ना,
ती त्यांना दिसलेलीच नाही.
बनवणारे घाटावरचे असणार.

आपला तो बुडालेला शिपाई,
ज्याचं नाव तुला कधी धड घेता आलं नाही
आणि तू नुसतं 'बुडको' म्हणायचास,
तो आता आठ दिक्पालांच्या मागे लागलाय.
एक मारला की नकाशातली एक दिशा पुसते.
पूर्व गेली, सकाळीला यायला वाट नाही.
दक्षिण गेली, मेलेले परत दारात.
इथे मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.
याला दहापैकी दहा.

मारामारी जरा जास्तच.
निर्ऋतीला त्याच तीन बटणांनी चाळीस मिनिटं
मिरच्या कांडाव्या तसा कांडत होतो.
आणि इंद्र एका फटक्यावर आला असताना
वीज गेली. आपल्याकडची.
वज्र त्याच्या हातात, फ्यूज माझ्या.
इन्व्हर्टरनेही मान टाकली. पुन्हा पहिल्यापासून.
हे गुण मी गेमचे कापत नाही,
महावितरणच्या खात्यात टाकतो.

मग वरुण.
पश्चिम त्यांनी शेवटाला ठेवलीय.
तो लढतच नाही, विन्सू.
गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळं विणतोय,
मान वर न करता विचारतो, 'कोणाचा तू?'
खाली बटण चमकत राहतं. दाब.
अकरा मिनिटं मी दाबलं नाही.
बाहेर कोणीतरी बोटीचं इंजिन
चालू करून, बंद करून बघत होतं.
परवाच नारळ सोडला रे आम्ही,
सोनेरी कागद लावून.
तुझ्या पप्पांनी पण,
आधी क्रुसाची खूण केली, मग सोडला.

दाबलं.
समुद्र निघून गेला, आवाज न करता.
मागे गाळ, गाळात कुशीवर पडलेल्या होड्या,
आणि बुडकोला जायला दिशाच उरली नाही.
तो बसतो. बनवणाऱ्यांची नावं वर सरकायला लागतात.
झाला म्हणे शेवट.

एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती.
पहिल्या भागात बुडकोला सावली असायची,
दुसऱ्याने खेळायची. ती तू.
तुझ्या कंट्रोलरची दांडी मोडकी,
म्हणून सावली कायम उजवीकडेच धावायची
आणि आपण दोघे दरीत.
ह्या भागात सावली काढून टाकलीय.
दुसरा कंट्रोलर जोडला की अक्षरं येतात:
या प्रवासात जागा एकाचीच.
मी तरी तो जोडून ठेवला होता.

तर साडेसात, लिहून घे.
दीड पाण्याचा कापला, एक सावलीचा.

उजाडताना शटर वर केलं तर
खाडीत होड्या कुशीवर.
काळजात लक्कन हललं.
मग ओल्या गाळात कुर्ल्या दिसल्या,
आपापल्या बिळांशी, अजिबात घाई नसलेल्या.
ओहोटी होती, दुसरं काय.

तू घेव नको.
नाताळाक येशीत ना, माझोच लाव.
वरुणाच्या अलीकडची जागा
जपून ठेवलीय मी, बटण दाबण्याच्या आधीची.
तिथून पुढे तू खेळ.
मी सावली होऊन शेजारी बसतो.