चोरटी

सुगत फोनवर म्हणाला, बाबा, टेंडरलॉइन आणा.
गोव्याच्या हॉटेलात शिकून आलाय,
तीन मिनिटं या बाजूनं, तीन त्या.
मोमीनपुऱ्यात नियामतभाईला शब्द सांगितला
तर तो सुरी पुसत राहिला.
अंडरकट? मग असं बोला ना.

सोलापूरचे व्याही दस्ताला फरा म्हणतात,
आमचा पुठ्ठा म्हणजे त्यांची मांडी;
लग्नात यावरून रस्सा थंड झाला होता.

म्हशीच्या कण्याखाली, चरबीच्या पांघरुणात
हातभर लांब, कधी न राबलेली ती पट्टी.
माय तिला चोरटी म्हणे.
सारं जनावर चालते, अन् हे लपून बसते.

मी म्हटलं, चोरटी द्या.
नियामतभाईनं मान वर केली.
बुढीचा शब्द हाय हा.
दर ऐतवारी भाव पुसे चोरटीचा,
अन् नळ्या घेऊन जाये.

सुगतनं तव्यावर टाकली. आतून गुलाबी.
कशी झाली?
मऊ, म्हटलं. फारच मऊ.
दातांना काही कामच नाही.

मग पिशवीतल्या नळ्या काढल्या,
कुकर लावला.