आठवा पाय

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
एकतीस वर्षं मी इथे बुश तपासले.
व्हर्नियर, गेज, डोळ्याला लावलेलं भिंग.
केसभर खोट निघाली
की अख्खा लॉट परत.

कारखाना गेला. काचेची इमारत आली.
भिंग माझ्याकडे राहिलं
आणि कंपाउंडच्या कडेला आंबा राहिला,
त्यावर ओंबिलांची घरं,
पानाला पान शिवलेली.
सकाळी पोरं गळ्यात पट्टे घालून लोंढ्याने आत शिरतात.
मीही शिरते,
जुना पट्टा, फोटोची बाजू आत वळवून.

खोडावर ओंबिलांची पाळी सुटलेली.
रांगेपासून वीतभर लांब
एक जण एकटाच चालला होता.
रंग तोच, भाजल्या विटेचा.
कंबर तीच, आत्ता तुटेल अशी.
डोक्याच्या दोन्ही अंगांना काळे ठिपके.
थांबायचा, वळायचा, मिशा हलवायचा,
तोंडात आणखी एक ओंबील धरून नेत असल्यासारखा.
पास, म्हणून मी मनात शिक्का मारला.

मग सवयीने पाय मोजले.
सहा.
तेवढ्यात त्याने मिशा खाली टेकल्या
आणि त्यांवर चालू लागला.

कॅन्टीनला सुकरी होती, येऊरच्या पाटोणपाड्याची.
ती मागेच म्हणाली होती,
"त्यो ओंबील नाय, बाय. कोळी हाय.
पाखरू ओंबिलीला तोंड लावीत नाय
म्हनून हा तिचं रूप घेतो.
पन तिच्याजवळ जात नाय.
तिला गावला तर तीच खाईल त्याला."

भिंग जवळ नेलं.
तोंडातली ती दुसरी ओंबील
म्हणजे त्याचाच जबडा,
मिटलेला, पुढे काढलेला, अंगाएवढा लांब.
नराचाच असतो असा.
दुसरा नर समोर आला की उघडतो,
दोघे जबड्याला जबडा लावून रेटत राहतात.
एवढे मोठे सुळे,
पण विष उतरायला नळी नाही.
मादीला आहे.
ती पानावर रेशमाची खोली विणून
अंड्यांपाशी बसून असते.

पेन्सिलीचं टोक पुढे केलं.
ओंबील असती तर टोकावर चढून
माझ्या बोटापर्यंत आली असती चावायला.
हा दचकला.
उडी मारली,
आणि जमिनीवर पडलाच नाही.
हवेत लटकला,
ढुंगणाशी एक धागा, उन्हात दिसेल न दिसेल असा.

सापडलास, म्हटलं.
लटकता लटकता तो फिरला.
समोरचे दोन मोठे डोळे भिंगात आले, गोल, काळेभोर,
आणि बाजूचे बारके, आणि वरचे,
सगळे मिळून माझी तपासणी करत होते.
मी किती वेळ वाकून होते कुणास ठाऊक.

"मॅडम, कोणतं डिपार्टमेंट?"
मागे नवा वॉचमन.

धागा आवरत तो खोडावर पोचला होता.
पुढचे दोन पाय उचलले,
मिशांसारखे हलवले,
आणि रांगेच्या कडेने, अंतर राखून, निघाला.

"क्वालिटी," मी म्हटलं,
पट्टा सरळ केला,
आणि पोरांच्या घोळक्यामागून
थोडं अंतर ठेवून
चालू लागले.