प्रश्न क्रमांक चौदा

जांभळी नाक्याचा नकाशा टेबलावर,
चार कोपऱ्यांवर चहाचे चार पेले,
आणि मधल्या घडीत फाटलेला, नेमका
भांड्यांची गल्ली वळते तिथं.

आराखडा असा : चार दिवस, दोन पाळ्या,
तीनशे पंच्याऐंशी नमुने.
तीनशेच का नाहीत, असं कुणी विचारलं
तर म्हणायचं, सूत्रातून येतं.
दुकानदारांचा अर्ज वेगळा, गिऱ्हाइकांचा वेगळा,
पदपथावर बसणारे...
इथं सरांचं पेन थांबलं.
"इतरमध्ये टाका."

माझ्या मुठीत मोजणीचं यंत्र, लिंबाएवढं.
माणूस गेला की टिक.
सकाळी सात ते अकरा, चार हजार दोनशे सहा.
त्यातली एक बाई तीनदा.
आधी ब्लाउजपीस जुळवायला, पिशवीत साडीचा पदर,
मग उन्हात रंग निराळा दिसला म्हणून परत,
आणि तिसऱ्यांदा नुसतीच,
कोणाची तरी वाट पाहून गेली.
मी तिला तीनदा मोजलं. नियम तसा आहे.

प्रश्न नऊ : हा व्यवसाय आपण किती वर्षे करता?
वेलजीभाई गाला म्हणाले, कुठला?
आधी स्टोव्हच्या वाती होत्या,
मग नायलॉनचे दोर, मग छत्र्या,
आता मोबाइलची कव्हरं.
वर बघा, पाटी अजून वातींचीच आहे.
पर्याय फक्त तीन होते.
मी "पंधरापेक्षा जास्त"वर खूण केली आणि वर पाहिलं.
खरंच होती पाटी, "वा" पुसलेला.

भांड्यांवर नावं घालणारा मुनाफ
डोकं वर न करता म्हणाला, माझी मशीन
नव्या इमारतीत कितव्या मजल्यावर?
लोक हंडा घेऊन सरकत्या जिन्यावर चढतील का,
हे विचारलंय का तुमच्या कागदात?
नव्हतं. समासात लिहून घेतलं.
तेवढ्यात त्यानं एका परातीवर
"सौ. कै." असं काहीतरी चुकीचं कोरलं
आणि मला शिवी दिली.

प्रश्न चौदा : नव्या व्यापारी संकुलात कोणत्या सुविधा हव्यात?
पसंतीनुसार क्रमांक द्या.
वाहनतळ. फूड कोर्ट. वातानुकूलन. मुलांना खेळायला जागा.

येऊरहून येते बारकी वरठा,
केळीची पानं, आंब्याचे टहाळे, मोसमात करवंदं.
इतरमधली पहिली.
सगळं ऐकून घेतलं तिनं, पानांवर पाणी मारत मारत.
"त्यात बायांना जाया जागा हाय?"
मी म्हटलं, आहे ना, रुंद रस्ते, आठ सरकते जिने.
ती हसली.
"तशी जाया नाय गं."

पानांना दर दहा मिनिटांनी पाणी.
स्वतः ती दोन वाजता पिते, घरी पोचून.
निघते पहाटे चारला.
माझ्या पिशवीत बाटली होती, सकाळी भरलेली,
झाकणाचं सीलसुद्धा तसंच.
म्हणजे मीही.
गेली सहा वर्षं, सहा शहरांतल्या बाजारांत मीही,
आणि एकाही अहवालात ही ओळ नाही.

संध्याकाळी बैठकीत सुधारित मसुदा वाचला.
चौदा (अ) : घर सोडल्यावर आपण पहिल्यांदा
पाणी किती वाजता पिता?
टेबलाभोवती सातजण, सातही पेले रिकामे.
सर म्हणाले, याचा चौरस फुटाच्या दराशी संबंध काय?
मी म्हटलं, उद्या विचारून सांगते.

इमारतीत असतील म्हणा, दर मजल्यावर दोन,
वास्तुविशारदानं निळ्या रंगात दाखवलीत.
दाराशी रखवालदाराची चौकीही दाखवलीय.
टहाळ्यांची पाटी डोक्यावर घेतलेल्या बाईला
तो आत सोडेल का, हा प्रश्न पंधरा.
तो अजून लिहिलेला नाही.

जिना उतरताना
खिशातलं यंत्र चुकून दाबलं गेलं.
चार हजार दोनशे सात.
पुसलं नाही.